हलक्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी गिंबल: किलोचा आकडा नंतर, आधी तोल

माझा पहिला गिंबल, म्हणजे हातात धरून कॅमेरा स्थिर ठेवणारं मोटरींचं यंत्र, घेताना मी एकच आकडा पाहिला होता, किती किलो पेलतो. कॅमेरा लेन्ससकट जेमतेम पाऊण किलोचा आणि मी उचलून आणला साडेतीन किलो पेलणारा. पुढेमागे मोठा कॅमेरा घेतला तर असू दे, असा हिशेब. मोठा कॅमेरा आजतागायत आलेला नाही. गिंबल मात्र महिन्याभरात कपाटावर गेला. तो धरून दहा मिनिटं चाललं की मनगट बोलायला लागायचं. शिवाय एवढ्या दणकट यंत्रावर माझ्या कॅमेऱ्याची चिमुकली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि तिच्यापेक्षा जड लेन्स नीट तोलली जायची नाही ती नाहीच. मागे सरकवावी तर पाठीमागची मोटर आडवी यायची.

ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख. सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर५०, निकॉन झेड३० या जातीचे, म्हणजे साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमचे मिररलेस (आत आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे) कॅमेरे डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

गिंबल काय करतो आणि काय करत नाही

गिंबलमध्ये तीन मोटरी असतात. एक कॅमेरा डावी-उजवीकडे वळवते, ती पॅन. दुसरी मान वर-खाली करते, ती टिल्ट. तिसरी क्षितिज कलू देत नाही, ती रोल. आतले सेन्सर हाताचं कलणं-वळणं टिपतात आणि मोटरी तेवढंच उलट फिरून ते खोडून काढतात. थोडक्यात, गिंबल फक्त फिरणं थांबवतो. चालताना तुमचं अख्खं शरीर दर पावलाला थोडं वर-खाली होतं. ते तीन मोटरींच्या आवाक्याबाहेरचं आहे.

हा फरक नीट लक्षात घ्या, कारण निम्मी निराशा इथूनच येते. कॅमेरा फिरला की फ्रेममधलं सगळंच हलतं, जवळचंही आणि लांबचंही. कॅमेरा नुसता वर-खाली झाला तर लांबचा डोंगर जागचा हलत नाही, पण दोन हातांवरची खुर्ची उड्या मारताना दिसते. म्हणून मोकळ्यावर काढलेलं चित्रण लोण्यासारखं येतं आणि घरात माणसाच्या मागे चालत काढलेलं तेच हिंदकळतं. गिंबल बिघडलेला नसतो, चाल सुधारायची असते. त्याबद्दल पुढे येतंच.

तुम्ही बहुतेक वेळा एका जागी उभे राहून चित्रण करत असाल तर गिंबलचे पैसे वाचवा. ट्रायपॉड घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्थिरीकरण असेल तर त्यावर भागवा. झेडव्ही-ई१०सारख्या काही हलक्या कॅमेऱ्यांमध्ये सेन्सर हलवून होणारं स्थिरीकरण नाही. त्यांचं इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण फ्रेमच्या कडा कापून चालतं, त्यामुळे वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचा वाइडपणाच जातो. चालत, वळत, कुणाच्या मागे जात चित्रण करणाऱ्याला गिंबल खरा उपयोगी पडतो.

पहिली पायरी: सगळं काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर कॅमेरा ठेवा, पण चित्रण करताना जसा असेल तसाच: बॅटरी, कार्ड, लेन्स, पुढचा फिल्टर आणि वरचा माइक यांच्यासकट. कॅटलॉगमधला आकडा बऱ्याचदा नुसत्या बॉडीचा असतो.

उदाहरण घेऊ. झेडव्ही-ई१० बॅटरी-कार्डासकट ३४३ ग्रॅम. त्याच्यासोबत येणारी १६-५० मिमी किट लेन्स ११६ ग्रॅम. दोन्ही मिळून ४५९. आता त्याच बॉडीवर सिग्माची १६ मिमी एफ/१.४ लावा. ती एकटी ४०५ ग्रॅमची, म्हणजे बेरीज ७४८. कॅमेरा तोच, पण गिंबलच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्राणी आहेत. तुमच्याकडे असलेली सगळ्यात जड लेन्स आणि सगळ्यात हलकी लेन्स, दोन्ही बेरजा लिहून ठेवा.

या बेरजा बहुधा एक किलोच्या आतच येतील. दोन किलो पेलणारा गिंबल त्याला पुरून उरतो. डीजेआयचा २०२३चा आरएस ३ मिनी स्वतः ७९५ ग्रॅमचा आहे, २०२५चा आरएस ४ मिनी ८९० ग्रॅमचा. दोघेही दोन किलोपर्यंत पेलतात. त्याच घरातला २०२२चा आरएस ३ तीन किलो पेलतो, पण स्वतःच सव्वा किलोच्या वर आहे. पाऊण किलोच्या कॅमेऱ्यासाठी तो घेतलात तर वरचं अर्धा किलो ओझं तुम्ही फुकट वाहणार. झियुन, फेय्यूटेक वगैरे इतर कंपन्यांकडेही असेच लहान-मोठे गट आहेत. हिशेब सगळीकडे सारखाच करायचा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. फोन, अ‍ॅक्शन कॅमेरा आणि छोटा मिररलेस या तिन्हींसाठी म्हणून विकले जाणारे अगदी चिमुकले गिंबल असतात. किट लेन्सवर ते बरे चालतात, मात्र पाऊणशे ग्रॅमचा माइक वर चढवला की गुरगुरायला लागतात. तुमच्या जड बेरजेच्या दीडपट-दुप्पट क्षमता असली की निर्धास्त राहा.

दुसरी पायरी: तोलबिंदू शोधा

इथे जरा थांबू या, कारण गिंबल बसणार की नाही हे इथे ठरतं.

टेबलावर एक गोल पेन्सिल आडवी ठेवा. तिच्यावर कॅमेरा लेन्ससकट ठेवून पुढे-मागे सरकवा, पेन्सिल लेन्सच्या दिशेला काटकोनात. ज्या ठिकाणी तो ना पुढे झुकतो ना मागे, तिथे कागदी चिकटपट्टीची खूण करा. किट लेन्स असेल तर खूण बॉडीखालीच येईल. सिग्मासारखी जड लेन्स असेल तर ती बॉडी सोडून पुढे, थेट लेन्सखाली सरकलेली दिसेल. झाडू मधोमध न धरता ब्रशाकडच्या बाजूला धरला की तोलतो, तसंच हे.

गिंबलला ही खूण टिल्ट मोटरच्या आसाच्या रेषेत आणायची असते. पण स्क्रूचं भोक बॉडीच्या तळाला आहे, लेन्सखाली नाही. म्हणजे बॉडी प्लेटवरून (कॅमेरा जिच्यावर स्क्रूने बसतो ती पट्टी) मागे ढकलावी लागणार. किती, ते खुणेपासून बॉडीच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजा. दुकानात गिंबल हातात आला की टिल्टच्या आसापासून मागच्या रोल मोटरपर्यंत किती जागा मोकळी आहे ते पट्टीने पाहा. मोकळी जागा कमी असेल तर तो गिंबल दहा किलो पेलणारा का असेना, तुमच्या कामाचा नाही. घरबसल्या मागवत असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर सुसंगत कॅमेरा आणि लेन्स यांच्या जोड्यांची यादी असते. त्यात नुसता कॅमेरा शोधू नका, लेन्ससकट जोडी शोधा.

दुसरी गोची उंचीची. झेडव्ही-ई१०ची बॉडी साधारण ६४ मिमी उंच आणि ती सिग्मा लेन्स ७२ मिमी जाड. साहजिकच लेन्सचं पोट बॉडीच्या तळापेक्षा खाली येतं आणि प्लेटला टेकतं. स्क्रू आवळला की लेन्सच्या माउंटवर, म्हणजे ती बॉडीला जोडली जाते त्या कडीवर, ताण येतो, किंवा बॉडी प्लेटवर सपाट बसतच नाही आणि डुगडुगते. यावर उपाय म्हणजे मध्ये घालायची उंचीची जादा प्लेट. बऱ्याच गिंबलच्या डब्यात ती मिळते, काहींची वेगळी घ्यावी लागते. घेण्याआधी विचारा. प्लेटखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून मी एक अख्खा दिवस काढला आहे. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा दबला, कॅमेरा तिरका झाला आणि मोटर तापली.

तिसरी गोष्ट स्क्रीनची. हलक्या कॅमेऱ्यांची स्क्रीन बहुधा बाजूला उघडते. गिंबलचा बाहू त्याच बाजूने वर येत असेल तर स्क्रीन अर्धीच उघडते किंवा कॅमेरा वळताना बाहूवर आपटते. स्वतःकडे कॅमेरा करून बोलणाऱ्यांनी हे तपासल्याशिवाय पैसे काढूच नयेत. आणि मागची मोटर थेट स्क्रीनच्या समोर येते की खाली, तिरकी बसवली आहे, हेही पाहा. समोर येत असेल तर फ्रेम पाहण्यासाठी सारखी मान वाकडी करावी लागते.

शेवटची, किरकोळ वाटणारी पण रोज छळणारी गोष्ट: यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांची बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झडपेत असतात. मोठी प्लेट ती झडप झाकते. मग दर बॅटरीला प्लेट सोडवा, परत लावा, परत तोल साधा. अरुंद प्लेट मिळाली तर चांगलंच. नाहीतर प्लेट कुठे बसवली होती त्याची मार्करने खूण करून ठेवा.

तिसरी पायरी: बाटलीची परीक्षा

गिंबलचं वजन आणि तुमची बेरीज मिळवा. साधारण दीड किलो येईल. दीड लिटरची पाण्याची बाटली भरा, ती छातीसमोर, कोपर थोडं वाकवून धरा आणि घरात पाच मिनिटं चाला. पाच मिनिटांचा शॉट कोणी घेत नाही हे खरं, पण दिवसभरात असे वीस-पंचवीस शॉट होतात आणि मधल्या वेळात गिंबल हातातच असतो. तिसऱ्या मिनिटाला हात थरथरला तर आणखी हलका गिंबल शोधा, किंवा दोन्ही हातांनी धरण्याची सोय असलेला. खालचे छोटे पाय मिटले की त्यांचीच दुसरी मूठ होते, ती पुरते.

ही परीक्षा हास्यास्पद वाटते. मी ती आधी केली असती तर कपाटावरची जागा रिकामी राहिली असती.

चौथी पायरी: बाकी सोयी

जाहिरातीत याच सोयी सगळ्यात ठळक असतात आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी वेळा लागतात. मला तीनच महत्त्वाच्या वाटतात. तिन्ही अक्षांना वेगवेगळं लॉक असावं, त्याने तोल साधताना एकेक अक्ष मोकळा करता येतो. मुठीवरच्या बटणाने रेकॉर्डिंग सुरू-बंद व्हावं. ते ब्लूटूथने होतं की केबलने आणि तुमच्या नेमक्या मॉडेलला चालतं का, ते पाहा. उभं चित्रण करत असाल तर कॅमेरा जादा सामानाशिवाय उभा बसावा. काही गिंबलमध्ये उभ्या स्थितीत पेलण्याची क्षमता कमी होते, तो आकडा वेगळा वाचा.

बॅटरीची फार चिंता नको. गिंबल एका चार्जमध्ये काही तास सहज जातो, त्याआधी कॅमेऱ्याच्याच दोन-तीन बॅटऱ्या संपतात. मात्र बॅटरी आतच बसवलेली असेल तर काही वर्षांनी ती दमली की बदलणं कटकटीचं होतं. फोकस फिरवणारी मोटर, वर बसवायचा ट्रॅकिंगचा, म्हणजे माणसाचा माग ठेवणारा डोळा हे सगळं नंतर. तुमच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस ते काम करतोच आहे.

गिंबल घरी आला: तोल कसा साधायचा

गिंबल बंद ठेवा आणि कॅमेरा चालू करा. हे उलटं वाटतं, पण त्यामागे माझा एक अर्धा दिवस गेलेला आहे. किट लेन्स कॅमेरा बंद असताना आत मिटते आणि चालू केला की बाहेर येते. मी मिटलेल्या लेन्सवर अगदी मन लावून तोल साधला, मग कॅमेरा चालू केला, लेन्स बाहेर आली आणि मोटरीतून डासासारखा आवाज सुरू झाला. दोष गिंबलचा समजून मी तीन वेळा सेन्सर कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याची सरळ रेषा नव्याने जुळवली.

तर कॅमेरा चालू, लेन्सचं झाकण काढलेलं, फिल्टर लावलेला, माइक वर, स्क्रीन जशी वापरणार तशी उघडलेली. झूम लेन्स असेल तर नेहमी वापरणार त्या लांबीवर. गिंबल टेबलावर पायांवर उभा करा आणि तिन्ही लॉक लावा.

आधी टिल्टचं लॉक काढा. लेन्स समोर ठेवून हात सोडा. लेन्स खाली झुकली तर कॅमेरा मागे सरकवा, वर उचलली गेली तर पुढे. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, जास्त नाही. स्थिर झाली की लेन्स आभाळाकडे करा आणि परत सोडा. आता ती पुढे किंवा मागे कलंडत असेल तर दोष उंचीचा आहे. कॅमेरा वर-खाली सरकवून तो काढा. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत आधी आभाळाकडे आणि मग समोर असा क्रम असतो. कुठलाही घ्या, पण दोन्ही तपासा. लेन्स समोर असताना उंचीचा दोष लपून राहतो आणि लोक नेमके तिथेच फसतात.

मग टिल्ट लॉक करून रोल मोकळा करा. कॅमेरा ज्या बाजूला कलतो त्याच्या विरुद्ध बाजूला सरकवा. माइकची केबल ताठ असेल तर तीच कॅमेऱ्याला ओढते. पातळ केबल घ्या आणि तिला ढिला वळसा द्या.

शेवटी पॅन. गिंबलची मूठ जवळजवळ आडवी धरा आणि पॅन मोकळा करा. बाहू स्वतःहून झोक्यासारखा खाली जात असेल तर त्याची लांबी कमी-जास्त करा. बहुतेक जण ही पायरी गाळतात, कारण गिंबल उभा असताना पॅनचा दोष दिसतच नाही. तो दिसतो तुम्ही चालता चालता गिंबल पुढे झुकवता तेव्हा.

तिन्ही अक्ष मोकळे केल्यावर कॅमेरा कुठल्याही कोनात ठेवला तरी तिथेच राहिला पाहिजे. आता गिंबल चालू करा आणि मोटरींची ताकद आपोआप जुळवण्याची सोय वापरा. हलक्या कॅमेऱ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. ताकद जास्त झाली की मोटर गुणगुणते आणि चित्रात बारीक थरथर येते. कमी झाली की कॅमेरा आळसावल्यासारखा मागे राहतो. लेन्स बदललीत की तोल आणि ताकद दोन्ही परत जुळवा.

कॅमेऱ्यातल्या सेटिंग

लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्थिरीकरण सुरुवातीला बंद ठेवा. तुम्ही मुद्दाम वळता तेव्हा कॅमेऱ्याला तो धक्का वाटतो, तो क्षणभर प्रतिमा धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. वाइड लेन्सवर कडा जेलीसारख्या हलतात. लांब लेन्सवर मात्र चालू करून पाहायला हरकत नाही.

शटरचा वेग फ्रेम दराच्या दुप्पट ठेवा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०. वेगवान शटरने प्रत्येक बारीक थरथर टोकदार दिसते. पण भर उन्हात १/५० म्हणजे चित्र पांढरंफटक. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० वर असताना स्वच्छ उन्हात १/१०० शटरला एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) लागतो, म्हणून १/५०ला एफ/२२. तुम्हाला एफ/२.८ हवा असेल तर सहा स्टॉप प्रकाश अडवायला हवा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), म्हणजे एनडी६४ हा प्रकाश अडवणारा काळपट फिल्टर. तो तोल साधण्याआधीच लावा.

मोड सुरुवातीला एकच वापरा, ज्यात फक्त पॅन तुमच्या मागे येतो आणि बाकी दोन अक्ष सरळ राहतात. वळण्याचा वेग मंद ठेवा.

आणि चाल. गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी, मग पाऊल हळूच चवड्यावर, कोपर अंगालगत. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणाऱ्या बाईची मान आणि कंबर आठवा, अगदी तेच. आठवडाभर रोज दहा मिनिटं घरात चालून सराव करा आणि चित्रण लगेच पाहा.

जुना घेत असाल तर

हलक्या गटातले जुने गिंबल बरेच मिळतात, कारण हौसेने घेऊन कपाटावर ठेवणारा मी एकटाच नाही. वीज बंद ठेवून तिन्ही अक्ष हाताने फिरवा. कुठेही अडखळ किंवा खरखर लागली तर सोडा. लॉक लावून बाहू हलवून पाहा, सैल असतील तर पुढे डुगडुग वाढतच जाते. बॅटरीच्या झाकणाजवळ फुगवटा आहे का ते पाहा. प्लेट, तिचे स्क्रू आणि उंचीची प्लेट सोबत आहेत का, ते मोजून घ्या. काही कंपन्यांचे गिंबल अ‍ॅपमधून चालू करावे लागतात, तर जुन्या मालकाच्या खात्यातून तो मोकळा केला आहे का, हे त्याच्यासमोरच फोनला जोडून पाहा.

मग स्वतःचा कॅमेरा लावून तोल साधा, गिंबल चालू करून टेबलावर ठेवा आणि स्क्रीनवर एखाद्या दाराच्या चौकटीची उभी रेघ धरा. पाच मिनिटं गप्पा मारा. रेघ पहिल्यासारखी सरळ असेल तर घ्या. थोडी कलली असेल तर सपाट जागी सेन्सर कॅलिब्रेट करून एकदाच परत पाहा. दुसऱ्यांदाही कलली तर चहा पिऊन घरी या.